चाकांवरचे घर आणि समुद्रकाठचा विवेक

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरपासून समुद्र फार दूर आहे. सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा पठारावरचा प्रवास करून आंबा घाट उतरल्यावर रत्नागिरी येते. हे अंतर साडेचारशे किलोमीटरांच्या घरातले. या भागातील व्यापारी कुटुंबांचा प्रवास बहुधा तीनच कारणांनी घडतो: मालाच्या खरेदीसाठी, लग्नकार्यासाठी आणि तीर्थवंदनेसाठी. कुंथलगिरी, शिखरजी, श्रवणबेळगोळ, पालिताणा ही नावे वडीलधाऱ्यांच्या ओठांवर असतात. गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली ही मुलांच्या. समुद्रावर तरुणांनी जायचे आणि आजी-आजोबांनी घर व दुकान सांभाळायचे, असा एक अलिखित करारच घराघरांत होऊन गेला आहे.

या करारामागे वय किंवा खर्च ही कारणे सांगितली जातात. खरे कारण बहुतेक वेळा स्वयंपाकघर हे असते. समुद्रकाठच्या गावांत उपाहारगृहांची लगबग सुरू होते ती दिवेलागणीनंतर. ज्यांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे, ज्यांना कंदमूळ वर्ज्य आहे, जे गाळून उकळलेले पाणीच पितात, त्यांना ‘कांदा-लसूण न घालता करून देतो’ एवढे आश्वासन पुरत नाही. कढई कोणती, झारा कोणता, पीठ कधी दळलेले, हे प्रश्न उरतातच. चार दिवस खाकरे, दशम्या आणि केळी यांवर काढून मुलांना संकोचात पाडण्यापेक्षा वडील मंडळी ‘तुम्हीच जाऊन या’ असे म्हणतात. हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यातला त्याग कोणाच्या ध्यानात येत नाही.

या अडचणीवर आता एक मार्ग निघू लागला आहे. झोपण्याची सोय, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि शौचालय ज्या मोटारीतच असते, तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. ब्रिटनमध्ये १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने केवळ हौसेच्या भ्रमंतीसाठी घोड्यांनी ओढायचे असे एक फिरते घर बांधवून घेतले. १९०७ मध्ये तेथे कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला, आणि पुढे सुटीत समुद्रकाठच्या गावी कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन राहणे ही तेथील सामान्य कुटुंबांचीही रीत बनली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्यांना आणि त्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेल्या तळांना उत्तेजन द्यावे, हा त्याचा हेतू.

हौशी प्रवाशाला या गाडीत मौज दिसते. जैन कुटुंबाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसायला हवी: येथे चूल आपली असते, भांडी आपली असतात आणि जेवणाची वेळही आपली असते. ज्या नियमांमुळे घरातील ज्येष्ठ आजवर मागे राहिले, ते नियम त्यांच्यासह प्रवासाला निघू शकतात.

गाड्यांतून समुद्राकडे जाणे या जिल्ह्याला नवेही नाही. आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर आणि पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, असे त्यात नोंदले आहे. येथील कापड बैलगाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जात असे. अशा तांड्याला सार्थ म्हणत आणि त्याच्या नायकाला सार्थवाह.

जैन कथांतील सार्थवाहांपैकी धन सार्थवाह श्वेतांबर परंपरेतील वाचकांना विशेष परिचित आहे. आचार्य हेमचंद्रांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथा त्याच्यापासून सुरू होते. धनाचा सार्थ वसंतपूरला निघाला, तेव्हा आचार्य धर्मघोष शिष्यांसह त्याच्या सोबतीने निघाले. वाटेत पावसाने सार्थ अरण्यात अडकला. शिधा संपला, तेव्हा लोक कंदमुळांवर दिवस काढू लागले. पुष्कळ दिवसांनी धनाला एकाएकी आठवले, की ज्यांना कंदमूळ चालत नाही असे मुनी आपल्याबरोबर आहेत आणि त्यांच्या आहाराची आपण विचारपूसही केलेली नाही. तो लज्जित झाला, त्यांच्याकडे गेला आणि शुद्ध तूप त्यांना वहोरावले. त्याच्या आत्मिक उन्नतीचा आरंभ त्या क्षणी झाला, असे कथा सांगते.

धनाने कोणाचा द्वेष केला नव्हता. त्याला केवळ विसर पडला होता. सर्वांत कडक नियम पाळणारा माणूस सर्वांत कमी मागतो आणि म्हणूनच तो सर्वांत आधी विसरला जातो. कुटुंबाच्या सहलीतही हेच घडते. म्हणून सहलीची आखणी करणाऱ्या तरुणाने गाडीचे भाडे विचारण्याआधी घरातील सर्वांत कडक नियम कोणाचा आहे, हे विचारावे आणि सारे वेळापत्रक त्या व्यक्तीपासून मांडत यावे. धनाच्या हातून राहून गेलेले काम ते हेच.

सास्तूरसारख्या गावात या विचाराला आणखी एक पदर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वाची ती सांगता. त्या पहाटे हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. सास्तूरही त्यात उद्ध्वस्त झाले. पुढे लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने या भागातील १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे समाजातील अनेकांना आठवत असेल. नवी घरे उभी राहीपर्यंत लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले.

ज्या पिढीने ते दिवस काढले, तिला पत्र्याच्या लहान खोलीत झोपण्याचे कौतुक वाटेलच असे नाही. नातवंडांना जी गंमत वाटते, तिने आजीच्या मनात दुसरेच काही जागे होऊ शकते. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी ज्येष्ठांना ती एकदा दाखवावी, तिच्यात बसवावे आणि रात्री त्यांना जवळच्या धर्मशाळेत झोपणे बरे वाटत असेल, तर तशी सोय करावी. गाडी स्वयंपाकापुरती आणि दिवसभराच्या विश्रांतीपुरती वापरली, तरी तिचा हेतू सफल होतो. याच पिढीला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे: भिंती गेल्या तरी घर उरते, जर माणसे आणि आचार उरले असतील. चाकांवरच्या घराची कसोटीही तीच आहे.

आचार बरोबर न्यायचा, तर त्याची तयारी निघण्यापूर्वी करावी लागते. पहिला प्रश्न पाण्याचा. टाकीत भरलेले पाणी नंतर गाळले, तर गाळण्यातील जीव त्यांच्या मूळ स्थानी परत सोडता येत नाहीत, कारण ती विहीर शंभर कोस मागे राहिलेली असते. म्हणून पाणी भरतानाच दुहेरी कापडाने गाळावे आणि जिवाणी तेथेच, त्याच पाण्यात सोडावी. पिण्याचे पाणी रोज लागेल तेवढेच उकळावे. धान्य, डाळी, पिठे घरीच पाखडून, चाळून, लहान डब्यांत भरावीत. गाडी चालू असताना गॅसची टाकी बंद असावी आणि सर्वांनी आसनावर पट्टा लावून बसावे. घाटात मुलांना वरच्या फळीवर झोपवू नये. स्वतःचा टेम्पो परस्पर बदलून घेण्याचा मोहही टाळावा. परिवहन कार्यालयाच्या संमतीशिवाय वाहनाच्या रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही.

हा प्रवास एका दमात करण्याची घाई नसावी. कुंभोजचे बाहुबली क्षेत्र वाटेपासून फार दूर नाही. १९६३ मध्ये प्रतिष्ठित झालेल्या भगवान बाहुबलींच्या २८ फुटी मूर्तीचे दर्शन घेऊन तेथे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात घाट उतरावा.

समुद्रकाठी पोहोचल्यावर नियमाचे एक अनपेक्षित फळ हाती येते. हिवाळ्यात कोकणात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. इतर प्रवासी तो पाहून मग जेवणाच्या चिंतेला लागतात. ज्या कुटुंबाने पाचच्या सुमारास मुगाची खिचडी, कढी आणि कोकणात मिळालेल्या ताज्या भाजीने जेवण आटोपले आहे, त्याला त्या वेळी काहीही करायचे उरलेले नसते. आजोबा, सून, नातवंडे, सारे एकाच वेळी रिकामे, असा तास दुकानदाराच्या घरात वर्षभरात किती वेळा येतो? सूर्य बुडाल्यावर तेथेच सामायिक किंवा प्रतिक्रमण करता येते. भरती-ओहोटीचे चक्र मुलांना समजावून सांगता येते.

मात्र हा किनारा निर्जीव वाळूचा पट्टा नव्हे. मुनींना पाच समित्या सांगितल्या आहेत; श्रावकानेही त्यांचा भाव आपल्या मर्यादेत जपायचा असतो. पाहून चालणे ही ईर्यासमिती. वाळूत जागोजागी दिसणारी छिद्रे खेकड्यांची घरे असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले, गुहागर येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांसह त्यांच्या रक्षणाचे काम उभे केले आहे. वाळूवरून जाणाऱ्या चाकाखाली अशी घरटी चिरडतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर प्रखर दिवे असले की ती उलट दिशेला भरकटतात आणि मरतात. म्हणून गाडी वाळूवर कधीही उतरवू नये, ती ठरलेल्या तळावरच उभी करावी आणि रात्री समुद्राच्या बाजूचे दिवे मालवावेत. घरी मुंगी वाचवणाऱ्याने किनाऱ्यावर चाकांचा विचार केला नाही, तर ती अहिंसा उंबरठ्यापुरतीच ठरते.

वस्तू पाहून उचलणे व ठेवणे ही आदान-निक्षेपण समिती. लहान जागेत ती आपोआप अंगी येते: डबा उघडण्यापूर्वी पाहावे, दार लावण्यापूर्वी फटीत पाल किंवा कीटक नाही ना हे पाहावे. मलविसर्जनाचा विवेक म्हणजे उत्सर्ग समिती, आणि कॅरॅव्हॅनमध्ये तिची खरी परीक्षा होते. शौचालयाची व सांडपाण्याची टाकी भरते, आणि ती अंधारात एखाद्या ओढ्याकाठी रिकामी करण्याचा मोह होतो. ती सोय असलेल्या तळावर किंवा शौचकूपातच रिती करावी. खरकटे कमी निघेल एवढेच रांधावे. ताट धुऊन पिण्याची ज्या घरात रीत आहे, तेथे हा प्रश्न अर्धा सुटलेलाच असतो.

एक समिती भाषेची आहे. समुद्रकाठचे गाव हे मासेमारीवर जगणारे गाव असते. तेथे जाळी वाळत असतात, वास असतो, बाजार असतो. आपला आहार आपल्या गाडीत शुद्ध राहिला, एवढ्यावर समाधान मानावे. नाक मुरडणे, मुलांसमोर कोळी बांधवांविषयी हीन उद्गार काढणे, हा आहाराच्या शुद्धीचा भाग नव्हे. तेथे कषायच वाढतो. नारळ, कोकम, आगळ, तांदूळ, स्थानिक भाजी गावातूनच विकत घ्यावी. गाडीत सारे काही भरून नेऊन गावात केवळ कचरा सोडणारा पाहुणा कोणालाच प्रिय नसतो, आणि हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

जाण्याची वेळही ठरवून घेता येते. चातुर्मासात श्रावक प्रवास आवरता घेतात आणि त्याच महिन्यांत समुद्र खवळलेला असतो. दिवाळीनंतर सोयाबीनची आवक ओसरते आणि नवी तूर बाजारात येण्यास अवकाश असतो, तो डिसेंबरचा आठवडा आडत-दुकानदारांना मोकळा मिळू शकतो. कापडवाल्यांना आणि किराणावाल्यांना आपापला हंगाम पाहून दिवस काढावा लागेल. हंगाम मात्र दरवर्षी परत येतो. १९९३ साली जे चाळिशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांनी पडलेले घर पुन्हा उभे केले, बंद पडलेले दुकान पुन्हा उघडले, मुलांना शिकवले, आणि सहलीचा विषय निघाला की ‘तुम्हीच जाऊन या’ असे म्हटले. त्यांतील कितीजणांनी अजून समुद्र पाहिलेला नाही, हे त्यांच्याच घरातील माणसांनी एकदा विचारून पाहावे.