कावीळ, सुई आणि बुडालेला रोज



गावात कावीळ झाली की आपण गळ्यात माळ घालतो, उतरवून घेतो. पाण्यातून येणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, नाव माळेचे होते. (गरोदर बाईला मात्र यातली ‘ई’ कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरात वीस-पंचवीसजणी दगावू शकतात.)

रक्तातून येणारी ‘बी’ आणि ‘सी’ वेगळी. गुलाबी अळी आत शिरली तरी बोंड वरून साजरे दिसते. तशी ही कावीळ वीस-वीस वर्षे यकृत पोखरते आणि डोळेही पिवळे होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ साली भारतात ‘बी’चे २ कोटी ९८ लाख आणि ‘सी’चे ५५ लाख लोक होते.

ताप आला की सालदार म्हणतो, सुई टोचा, उद्या डवरणी आहे. ती सुई आधी किती दंडांत गेली, हे तो विचारत नाही. गुजरातेत मोडाशाला २००९ साली वापरलेल्या सुयांनीच ‘बी’ची साथ पसरली. बाळांची लस देशभर पोचली २०११ साली. आपण बहुतेक त्याआधीचे, उघडेच.

सरकार म्हणते, २०१८ पासून तपासणी मोफत, औषध मोफत. ‘सी’ तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. पण धारणीच्या कोरकू मजुराचा त्यासाठी रोज बुडत असेल, तर हे मोफत कसले? कापूस विकायला आम्हीच बाजारात जायचे, आणि रक्त तपासायलाही आम्हीच?

तपासणी गावात आणा, वेचणीच्या आधी. रांगेत पहिली मजूर बाई. हा ठराव आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत.