विजयदुर्गाचा खरा मान

१८ ऑगस्ट जवळ आला की विजयदुर्गावर हेलियम दिनाची तयारी सुरू होते. मुलांना किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' दाखवले जातात आणि सांगितलं जातं की, १८६८ साली नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. विज्ञानाच्या नावाने किल्ल्यावर माणसं जमतात ही आनंदाची गोष्ट आहे. पण सांगितलं जातं ते खरं नाही, आणि मुलांना ते सांगणं आता थांबलं पाहिजे.

१८६८ च्या ग्रहणाची सावली दक्षिण महाराष्ट्रावरून गेली हे खरं. पण ते दिवस ऐन पावसाळ्याचे, आणि लॉकियर तेव्हा लंडनमध्ये होते. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, जॉन हर्शेल जमखंडीला. सौरज्वालांच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेषा त्यांनी पाहिल्या. लॉकियरना त्या दिसल्या २० ऑक्टोबरला, लंडनमधून, ग्रहणाशिवाय. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेजवळची असली तरी तिची नव्हे, कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हे, हा निष्कर्ष त्यांचा. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं. रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी तो क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून काढला.

लॉकियर विजयदुर्गाला आले ते त्यानंतर तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला तोवर तो तिथेच होता, म्हणून हा वारसा दोन्ही जिल्ह्यांचा. 'मेलपोमीन' या युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन आणि त्यांचे खलाशी मदतीला होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, म्हणून कोणी काय करायचं याच्या तालमी आधीच झालेल्या. या मोहिमेचा वृत्तांत रॉयल सोसायटीने छापला. इतका पक्का पुरावा असलेली घटना बाजूला ठेवून आपण न घडलेली का सांगत बसलो आहोत?

बरं, हे १८९८ चं काम काही दुय्यम नव्हतं. लॉकियर त्या काळात ताऱ्यांच्या मागे लागले होते. आदल्याच वर्षी त्यांनी सर्वांत तप्त ताऱ्यांच्या रसायनावर निबंध लिहिला होता. प्रयोगशाळेत विद्युत ठिणगीत काही मूलद्रव्यांच्या ठरावीक रेषा जोरदार होतात, आणि त्याच रेषा तप्त ताऱ्यांतही जोरदार दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या रेषा सूर्यात शोधायला ग्रहण उपयोगी होतं: चंद्राने सूर्यबिंब झाकताच कडेचा पातळ थर क्षणभर तेजस्वी रेषांनी उजळतो. त्या क्षणाचे फोटो प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी विजयदुर्गावर घेतले गेले. तारे कोणत्या क्रमाने तापतात आणि निवतात याबद्दलची लॉकियर यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. पण रेषा बदलण्यामागे तापमान आहे, हा त्यांचा रोख बरोबर होता. ठिणगीत जोरदार होणाऱ्या त्या रेषा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या, हे गणिताने दाखवलं मेघनाद साहांनी, १९२० साली.

त्याच दिवशी तीच सावली पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली. तिथल्या निरीक्षकांतली दोन माणसं पाहा. एक, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. वोल्फ-राये नावाच्या ताऱ्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या पहिल्या काहींपैकी ते एक. दुसरे, पुण्याचे कावसजी नायगमवाला. त्यांच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतली २० इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा भारतात सर्वांत मोठी होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. पुण्यातलं हे दालन किती सहज मिटलं, याची खंत वाटते.

कॅम्पबेल यांनी अभ्यासलेले हे वोल्फ-राये तारे म्हणजे भारी ताऱ्यांची उतारवयातली अवस्था. पॅरिसच्या वोल्फ आणि राये यांनी १८६७ साली हंस तारकासमूहात असे तीन तारे ओळखले. (पुढच्याच वर्षी राये १८६८ चं ग्रहण पाहायला सयामला गेले.) बहुतेक ताऱ्यांच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात, यांच्यात रुंद, झळाळत्या पट्ट्या. ताऱ्याने हायड्रोजनचं बाहेरचं आवरण गमावलेलं असतं, काही वेळा शेजारच्या ताऱ्याने ते ओढून घेतलेलं असतं, आणि आत तयार झालेला हेलियम नि कार्बन किंवा नायट्रोजन उघडा पडून सेकंदाला हजारभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने उधळत असतो. विजयदुर्गावर ज्याचा दिवस साजरा होतो तो हेलियम इथे ताऱ्याचं अंतरंग होऊन समोर येतो.

यांतला सर्वांत तेजस्वी तारा गॅमा वेलोरम कोकणातून नुसत्या डोळ्यांना दिसतो. मार्चच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावरून दक्षिणेला पाहा. अगस्तीच्या डावीकडे, क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर तो असतो. लंडनमधून तो कधीच उगवत नाही. दिसतो एकच ठिपका, पण त्यात एकमेकांभोवती फिरणारे तारे दोन: एक वोल्फ-राये, दुसरा त्याहून भारी आणि निळा. थांबा नसलेल्या स्टेशनातून जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर ती जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरलेला लागतो, तशा या दोघांच्या रेषा आळीपाळीने निळ्याकडे आणि तांबड्याकडे सरकतात. एका फेरीला सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर दिवस लागतात. रेषा किती सरकतात यावरून दोघांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर कळतं, आणि कक्षेचा कल समजला की प्रत्येकाचं वजनही. १९६७ साली कोडाईकनालहून गणेश आणि वेणू बाप्पू यांनी या जोडीच्या कक्षेचं गणित प्रसिद्ध केलं.

म्हणून मागणी साधी आहे. कट्ट्यांजवळ मराठीत फलक लावा आणि त्यावर २२ जानेवारी १८९८ ही तारीख घाला. हेलियम दिन खुशाल साजरा करा, पण त्या दिवशी मुलांना गुंटूर आणि लंडनही सांगा. निरीक्षणाचा कार्यक्रम मात्र आभाळ मोकळं असेल तेव्हा, जानेवारी ते मार्चमध्ये ठेवा. लहान दुर्बीण, साधा कॅमेरा आणि एक ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची पट्टी) एवढ्यावर गॅमा वेलोरमच्या झळाळत्या पट्ट्या फोटोत येतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांना हा खर्च जड नाही. जिल्हा नियोजनातून दहा-बारा शाळांना ग्रेटिंग मिळाली, तर पुढच्या मार्चमध्ये विजयदुर्गावर मुलांना हेलियमची रेषा स्वतः मोजता येईल.