यंत्र आणि आपण : क्लचचा आवाज

नवा क्लच बसवलेली गाडी पूर्वीपेक्षा शांत चालावी, ही अपेक्षा रास्तच आहे. आमच्या बाबतीत मात्र उलटे घडले. नांदेडला क्लच बदलून आम्ही लातूरला निघालो. लोहा मागे पडल्यावर गिअर बदलताना पायाखालून घरघर जाणवू लागली. अहमदपूर येईपर्यंत मागे बसलेल्या आईलाही ती ऐकू आली. क्लच गाडीच्या मूळ कंपनीचा नव्हता, बाजारात मिळणारा दुसऱ्या बनावटीचा होता. त्यामुळे माझा संशय आधी मालावर आणि मग मिस्त्रींवर गेला. वीस वर्षे ज्यांच्या हाती गाडी निर्धास्त सोपवली, त्यांच्या दारात पुन्हा जायचे नाही, असे मी चाकूर येण्यापूर्वीच ठरवून टाकले होते.

लातूरच्या कारागिराने बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, “काका, आवाज पेडल दाबल्यावर येतो की सोडल्यावर?”

मला सांगता येईना. दोन तास मी आवाज ऐकत होतो, पण लक्ष रागाकडे होते.

मग त्याने मोकळ्या जागी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि परीक्षा सुरू केली. ती कोणालाही करता येण्याजोगी आहे. इंजिन बंद असताना पेडल दाबून करकर आली, तर दोष फिरणाऱ्या भागांत नसून पेडलच्या सांध्यात, केबलमध्ये किंवा ग्रीस न लावलेल्या फोर्कमध्ये असतो. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलवर नसताना आवाज येत असेल व पेडल दाबताच तो थांबत असेल, तर गिअरबॉक्सकडे पाहावे. तेथील बेअरिंग झिजलेले असू शकते. नव्या प्लेटमुळेही असे होते : प्लेटच्या मध्यभागी इंजिनाचे धक्के पचवणाऱ्या छोट्या स्प्रिंगा असतात, त्यांचा ताण मूळ प्लेटहून वेगळा असला, तर गिअरचे दात खडखडतात. गाडी उचलताना थरथर होत असेल, तर प्लेटला तेल लागले आहे का, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग खडबडीत आहे का, इंजिनाचे माउंटिंग सैल आहे का, हे तपासावे.

आमची घरघर पेडलवर पायाचा भार पडताच सुरू होई आणि पाय काढताच थांबे. हे लक्षण बहुधा रिलीज बेअरिंगचे. पेडल दाबल्यावर हेच बेअरिंग फिरत्या प्रेशर प्लेटवर रेटले जाते.

“बेअरिंग नवं टाकलंय ना?” कारागिराने विचारले.

तेव्हा नांदेडचा तो क्षण आठवला. मिस्त्री म्हणाले होते, “सेठ, गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर बेअरिंगही बदलून घ्या.” आणि मीच म्हणालो होतो, “जुने चालेल.” एका बेअरिंगची किंमत वाचवली, आता त्या बेअरिंगसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागणार होता, मजुरी पुन्हा द्यावी लागणार होती. ज्या मालाला मी वाटभर दोष दिला, तो निर्दोष निघाला.

काम नांदेडलाच करून घेतले. झाले ते सगळे मिस्त्रींना सांगितले, मनात त्यांच्याविषयी काय आले होते तेही. ते हसले आणि म्हणाले, “आवाज आला तेव्हाच फोन करायचा होता की, सेठ.”

म्हणून क्लच बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हा संच एकत्रच घ्यावा, तो आपल्याच मॉडेलचा असल्याची खात्री करावी आणि फ्लायव्हील तपासून घ्यावे. एवढे करूनही आवाज आला, तर तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे कागदावर लिहून न्यावे. जळका वास किंवा धातू घासल्याचा आवाज आला, तर मात्र गाडी पुढे नेऊ नये.