जयकरांचे दोन आणे

संघराज्याच्या स्थापनेचा इतिहास सांगताना आपण २६ नोव्हेंबर १९४९ या दिवसापाशी येऊन थांबतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्यापूर्वी दोन दशके प्रांत आणि मध्यवर्ती सरकार यांच्या हक्कांच्या सीमा आखण्यात ज्या कायदेपंडितांची बुद्धी खर्ची पडली, त्यांचा उल्लेख आता क्वचितच कोणी करतो. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे त्यांपैकी एक. पुणे विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, म्हणून तेथील ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. पण ज्या मुंबईच्या हायकोर्टात त्यांनी वकिली केली आणि ज्या मुंबईच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाची बाजू लढविली, त्या मुंबईला त्यांची आठवण फारशी नाही. अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या पंपावर पैसे मोजणाऱ्या उपनगरवासीयाला तर ती असण्याचे कारणच काय, असे कोणी विचारील. माझ्या मते ती सर्वांत आधी त्यालाच असायला हवी.

१९१९ च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांकडे सोपविले आणि प्रांतांनी ते बव्हंशी लोकल बोर्डांच्या गळ्यात घातले. इकडे मोटारी वाढल्या, खडीचे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले, आणि त्याच मोटारींच्या पेट्रोलवरील कर मात्र मध्यवर्ती तिजोरीत जमा होत राहिला. म्हणजे खड्डा प्रांताचा आणि उत्पन्न दिल्लीचे. या विसंगतीवर तोड काढण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद जयकरांकडे आले. दर गॅलनमागील चार आण्यांचा कर सहा आणे करावा आणि हे वाढीव दोन आणे सर्वसाधारण महसुलात न मिसळता केवळ रस्त्यांसाठी निराळे ठेवावेत, ही त्या समितीची शिफारस १९२९ च्या मार्चपासून अमलात आली. मध्यवर्ती सरकारने काही भाग राखून ठेवावा आणि बाकीची रक्कम प्रत्येक प्रांताला त्याच्या हद्दीत खपलेल्या पेट्रोलच्या प्रमाणात द्यावी, असे वाटपाचे सूत्र ठरले. दिसायला ही कारकुनी बाब. पण संघराज्य म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाआधी मी हा दोन आण्यांचा हिशेबच त्याच्यापुढे ठेवीन. वसूल करणारा एक, खर्च करणारा दुसरा, आणि दुसऱ्याचा वाटा पहिल्याच्या मर्जीवर नव्हे तर ठरलेल्या प्रमाणावर!

पुढे गोलमेज परिषदेत, संघरचनेचा विचार करणाऱ्या समितीत, जयकर तेजबहादुर सप्रूंच्या बरोबरीने बसले. संस्थानिकांच्या आडमुठेपणामुळे १९३५ च्या कायद्यातले संघराज्य कागदावरच राहिले, परंतु त्याचे न्यायालय मात्र १९३७ साली उभे राहिले, आणि सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि जयकर हे तिघे त्याचे पहिले न्यायमूर्ती झाले. या न्यायालयापुढे सल्ल्यासाठी आलेला पहिला प्रश्न पुन्हा पेट्रोलचाच असावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. नागपूरच्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९३८ साली पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच टक्के कर बसविला. हे आमच्या उत्पादनशुल्कावरच अतिक्रमण आहे, अशी दिल्लीची तक्रार. तिन्ही न्यायमूर्तींनी स्वतंत्र मते लिहिली आणि तिघांनीही कौल प्रांताच्या बाजूने दिला. उत्पादनावरचा कर केंद्राचा आणि विक्रीवरचा प्रांताचा, ही तेव्हा स्पष्ट झालेली हद्द पेट्रोलपुरती आजही जिवंत आहे. वस्तू व सेवा कराच्या राज्यात सर्व काही एकवटले, तरी पेट्रोल अद्याप त्याच्या बाहेरच आहे.

जयकर लोकप्रिय नव्हते, आणि त्यात दोष सर्वस्वी लोकांचा नव्हता. येरवड्याच्या तुरुंगात आणि व्हाइसरॉयच्या दालनात मध्यस्थी करणाऱ्या माणसाला दोन्हीकडचे लोक संशयाने पाहणारच, आणि तडजोडीची त्यांची हौस कधीकधी वेळकाळ पाहत नसे. १९४६ च्या डिसेंबरात घटना परिषदेत नेहरूंनी ध्येयांचा ठराव मांडला, तेव्हा मुस्लिम लीग आणि संस्थाने येईपर्यंत तो पुढे ढकलावा, ही जयकरांची उपसूचना सभागृहाला रुचली नाही, डॉ. आंबेडकरांनी मात्र तिची बाजू उचलून धरली. लीग काही आली नाही. जयकर परिषदेतून बाहेर पडले, आणि फाळणीमुळे बंगालमधील जागा गेलेले आंबेडकर १९४७ च्या जुलैत मुंबई प्रांतातून जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर निवडून आले. उपयुक्त माणसाने जागा सोडणे हीसुद्धा कधीकधी देशसेवाच ठरते!

आता आजचे पाहू. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली, आणि या दोन टोकांच्या नाक्यांवर जकात भरणाऱ्या ट्रकांच्या रांगा कित्येक वर्षे आपण पाहिल्या. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, रांगाही गेल्या, ते फार बरे झाले. परंतु महापालिकेचे स्वतःचे एक हक्काचे उत्पन्न त्याबरोबर गेले आणि त्याच्या जागी राज्य सरकारने द्यावयाची भरपाई आली. तिकडे पेट्रोलवरील केंद्राच्या वसुलीचा मोठा भाग उपकर आणि अधिभार या नावांनी होतो, आणि ते राज्यांबरोबरच्या वाटपात धरलेच जात नाहीत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने रस्ते हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला खरा, पण यादीबरोबर पैसा आला नाही. शिवाय २०२२ च्या मार्चनंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत जाब विचारायला नगरसेवकही नव्हते. बोरिवलीतला खड्डा कोणाचा, हे तेव्हा विचारायचे तर प्रशासकाला.

म्हणून माझी सूचना अशी की, मुंबईत विकल्या जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलवरील राज्याच्या करातला काही हिस्सा, खपाच्या प्रमाणात, कायद्याने महापालिकेच्या रस्त्यांसाठी ठरवून द्यावा. मुंबईला झुकते माप मिळून मराठवाडा-विदर्भ उपाशी राहील, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. पण राखीव भागाची तजवीज जयकरांच्या योजनेतही होती, ती येथेही करता येईल. खपाचे आकडे तेल कंपन्यांकडे आणि राज्याच्या कर खात्याकडे आहेतच. राज्य वित्त आयोगाने हे सूत्र आपल्या शिफारशींत घालावे, आणि उपनगरांतल्या आमदारांनी अनुदानाच्या अर्जांऐवजी त्यासाठी विधानसभेत एखादे अशासकीय विधेयक आणावे.