आयांना ठाऊक असलेले नाव

सुजलेले पाय, तांबूस केस, सोलवटलेली त्वचा. गोल्ड कोस्टमधील (आजचा घाना) अक्रा येथील रुग्णालयात अशी मुले येत आणि दगावत. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मक्यावर वाढणाऱ्या मुलांना प्रथिने अपुरी पडत असावीत, असा त्यांचा कयास होता. काही जाणकारांनी तो जुनाच ‘पेलाग्रा’ ठरवला. १९३५ मध्ये विल्यम्स यांनी गा भाषेतील नाव वैद्यकात आणले : क्वाशिओरकोर, धाकटे भावंड आल्याने अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाचा आजार. कारण आयांच्या शब्दातच होते. वैद्यकाने ते उशिरा ऐकले. उपचारांनी मूल सावरते, पण परतल्यावर त्याच्या ताटात काय पडणार, हे न विचारणारे रुग्णालय त्याच मुलासाठी पुन्हा खाट राखून ठेवते.