संशोधनाची संधी आणि सुटीतली मजुरी

तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे ढोकीचे नाव महाराष्ट्रभर झाले. पण उसाच्या फडात राबणाऱ्यांना सर्पदंशाचे भय सदैव असते, याची दखल कोण घेतो? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली होती.

या मृत्यूवरचा उतारा प्रतिकारशक्तीच्या शास्त्रानेच दिला. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा क्रमाने टोचतात आणि त्याच्या रक्तात निर्माण होणाऱ्या प्रतिपिंडांपासून लस तयार करतात. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार जातींच्या विषांवर बेतलेली आहे. त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवीत आली आहे. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे लस सर्वत्र सारखीच गुणकारी ठरत नाही. अशा स्थितीत मराठवाड्यातील विषाचा प्रश्न मराठवाड्यातील विद्यार्थ्याने हाती घ्यावा, हे स्वाभाविक नव्हे काय?

येथेच खरी अडचण आहे. मुंबईत हाफकिन संस्था आहे, पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही देत आल्या आहेत. मात्र अशा जागा मोजक्या असतात आणि त्यांची वार्ताही लहान गावच्या महाविद्यालयात क्वचितच पोचते. उरते ते बिनविद्यावेतनाचे प्रशिक्षण. ज्या मुलाच्या सुटीतील मजुरीवर पुढील वर्षाची फी अवलंबून आहे, त्याला दोन महिने विनावेतन शहरात राहणे म्हणजे मजुरी बुडवून वर खोलीभाडे भरणे होय. अर्थशास्त्राच्या भाषेत, फुकट दिलेली ही संधी सर्वांत महाग असते, आणि तिची किंमत गरिबालाच मोजावी लागते. सधन घरचा मुलगा ती सहज पेलतो. पुढे त्याच अनुभवाला गुणवत्ता म्हटले जाते.

म्हणून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात. प्रवासखर्च, निवास आणि बुडालेल्या मजुरीइतके विद्यावेतन द्यावे. शिक्षकालाही सोबत बोलवावे, म्हणजे परतल्यावर काम थांबणार नाही. यात उपकाराचा प्रश्नच नाही. प्रयोगशाळा जनतेच्या पैशावर चालते. तिचे दार फडापर्यंत उघडलेच पाहिजे.