कतबा आजोबांचा, वाचणार कोण?

कब्रस्तानाबाहेरच्या दगडाच्या दुकानात मय्यतीच्या घरची माणसं घासाघीस करत नाहीत. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून नावाच्या पाटीची गोष्ट संगमरवरी चौथऱ्यापर्यंत जाते. ‘अब्बूंसाठी एवढंही नाही?’ असं कुणी म्हटलं की मुलगा गप्प.

याला दीनचा आधार सांगू नका. कबर पक्की करायला, तिच्यावर बांधकाम करायला मनाई करणारी हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. उस्मान बिन मजऊन यांच्या कबरीशी प्रेषितांनी (स.) एक दगड ठेवला, तोही फक्त ओळखीसाठी. खुलदाबादला औरंगजेबाची कबर वरून उघडी, मातीची आहे. भोवतीचा संगमरवर फार नंतरचा. बादशहाला माती पुरली, आपल्याला ग्रॅनाइट लागतो!

आणि ओळखीसाठीच दगड हवा, तर त्यावरचं नाव नातवाला वाचता येऊ द्या. आपल्यातले कितीतरी जण मराठी शाळेत शिकले, उर्दू वाचता येत नाही. तरी मराठीत कोरा म्हटलं की उत्तर येतं, ‘शोभत नाही.’ दख्खनच्या सुलतानांच्या काळात फारसीसोबत मराठी शिलालेख कोरले गेले, ते शोभले! (आता तर अक्षरं मशीन कोरतं. त्याला नस्तालीक काय नि देवनागरी काय.)

दुकानदार भाऊ, पोटापाण्याचा धंदा आहे, करा. पण दर भिंतीवर लावा. मुंबईत जागेअभावी जुन्या कबरींच्या जागी पुन्हा दफन होतं. तेव्हा हा दगड कुठे जाईल, ते पैसे घेण्याआधी सांगा.